बाच्या फोटोचं पान

वाडी सोडली त्या सकाळी बा माझी बॅग खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत आला. बदलापूरची जीप थांबली. मी चढल्यावर त्याने सदऱ्याच्या आतून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली एक घडी काढली आणि माझ्या हातात दिली. "उल्हासनगरला झेराक्स निघतं म्हनं. एक काढ, न् ह्यो परत आन. फाडू नको." घडीत काय आहे ते मला ठाऊक होतं. ती मी बॅगेत खाली सारली, तोवर जीप निघाली.

तुम्ही जे वाडीत राहिलात, त्यांना बाने ते पान दहा वेळा तरी दाखवलं असेल. आणि जे माझ्यासारखे अंबरनाथच्या एमआयडीसीत नाहीतर वांगणीच्या बिल्डिंगांमध्ये पांगलात, त्यांनाही ते आठवत असेल. त्या पानाबद्दल मी काय केलं होतं, ते मात्र तुमच्यातल्या थोड्यांनाच माहीत आहे. म्हणून हे लिहिते.

मी चौथीत होते. बा डोंगरउतारावरच्या आपल्या तुकड्यावर, दळीवर, राब भाजत होता. नाचणीचं रोप टाकायच्या आधी तेवढ्या चौकोनावर पाला आणि शेण पसरून तो भाजतात, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मोटारसायकलवरून आलेल्या कॅमेरावाल्याला ते माहीत नव्हतं, आणि त्याने विचारलंही नाही. बाचा फोटो काढला, आयकडून पाणी मागून प्यायला आणि गेला.

चार दिवसांनी रस्त्यावरच्या दुकानदाराने पेपर आणून दिला. अर्धी वाडी आमच्या ओट्यावर जमली. सलग वाचता येणारी तेव्हा मी एकटीच, त्यामुळे मला मधोमध बसवलं. वर मोठ्या अक्षरांत होतं, 'वनजमिनीवर आदिवासींचे अतिक्रमण, जंगलाला लावली आग'. खाली धुरात काठी घेऊन उभा असलेला बा. तो माझ्याकडे बघत होता, तोंडभर हसत. मी वाचलं, "कष्टाळू ठाकूर शेतकरी राब भाजताना."

बाने ते तीन वेळा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी माझ्या तोंडून कष्टाळूच्या जागी मेहनती निघालं. बाच्या लक्षात आलं नाही. आयच्या आलं, पण ती उठून चुलीकडे गेली. पुढे ज्यांना वाचता येत होतं त्यांनीही बाच्या तोंडावर खरं सांगितलं नाही, हे त्यांचे उपकारच.

तर ते पान घेऊन मी उल्हासनगरात उतरले. कॅम्प तीनमधल्या झेरॉक्सच्या दुकानात सिंधी सेठ होते. त्यांनी पान काचेवर पसरलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "ये कौन है?"

"मेरे बाप हैं."

"तो जंगल क्यों जलाया?"

मी मोडक्या हिंदीत राब समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मेरे पिताजी को भी यहाँ कितने साल रिफ्यूजी बोलते थे. छोड़. पन्ना बड़ा है, मशीन में आएगा नहीं. फोटो काट के लॅमिनेशन कर देता हूँ, अच्छा दिखेगा." आणि त्यांनी कात्री उचलली.

मला हो म्हणायचं होतं. मथळा गेला असता, खालचा मजकूर गेला असता, धूर आणि हसणारा बा तेवढा उरला असता. माझं खोटं कायमचं झाकलं गेलं असतं. पण बाचं "फाडू नको" कानात होतं, म्हणून नको म्हणाले. सेठनी दोन कागदांवर अर्धी-अर्धी कॉपी काढून दिली आणि टायपिंग येतं का, असं विचारलं. येत नव्हतं तरी हो म्हणाले. त्याच दुकानात मी अजून आहे.

आता दिवसभर "भैया, कितनी कॉपी" आणि "सेठ, पेपर खतम" चालतं. वाडीची बोली फक्त फोनवर निघते, तीही बाने उचलला की. मी लोकांचे अर्ज टाईप करते, प्रतिज्ञापत्रं करते. बाचा वनहक्काचा दावाही मीच टाईप केला होता. तो परत आला, पुरावा अपुरा म्हणून. कायद्यात एक दिवस ठरलेला आहे, त्याच्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं. म्हाताऱ्यांचे जबाब होते, जुना कागद एकही नव्हता. त्यातच दळीच्या वरच्या अंगाला वनखात्याचे झाडं लावायचे खड्डे पडू लागले. ते खाली यायला एखादा पावसाळा लागला असता. आपल्या आज्याने ज्या उतारावर बांध घातले तिथे आता साग उभा राहणार, आणि बा कुणाच्या तरी फार्महाऊसवर गवत काढायला जाणार, एवढं मला दिसत होतं.

शाळेच्या ओसरीत ग्रामसभा बसली तेव्हा मी सुट्टी घेऊन आले होते. वनहक्क समितीचा अध्यक्ष आपला जानूदादा, माझा चुलतभाऊ. त्याने विचारलं, "काका, काय जुना कागद हाय का घरात? कायबी चालंल."

बा म्हणाला, "पेपरात माजा फोटो हाय ना. दळीवरचाच." दुधाची पिशवी निघाली. घडी उलगडून त्याने ती माझ्यापुढे धरली. "वाच, पोरी."

जुनं वाक्य तोंडात तयार होतं. पण हा कागद फायलीत जाणार होता, आणि जानूदादा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. मी जे छापलं होतं ते वाचलं. अतिक्रमण वाचलं, आग वाचली, शेवटपर्यंत वाचलं.

बा पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंग तवा काय वाचलीस?"

"माझ्या मनचं."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. जानूदादाने मात्र पान माझ्या हातातून ओढून घेतलं आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "तारीख हाय. त्या दिवसाच्या आगोदरची. न् मागं आपला धोंडा दिसतोय." दळीतला तो मोठा काळा धोंडा, ज्यावर बसून आपण करवंदं खायचो, तो धुराच्या मागे स्वच्छ दिसत होता. आपल्याला चोर ठरवायला छापलेली बातमी आता आपली साक्ष झाली होती.

पान आख्खं राहिलं, कारण त्यातल्या कुठल्या ओळी आपल्या आहेत हे बाला कळत नव्हतं. वाचता येत असतं तर त्याने फोटो तेवढा कापून ठेवला असता, नाहीतर सगळंच चुलीत घातलं असतं.

त्या रात्री तो माझ्याशी बोलला नाही. सकाळी रस्त्यापर्यंत आला, पण बॅग मीच उचलली.

दावा मंजूर झाला. मोजणीची माणसं यंत्र घेऊन दळीभोवती फिरली, बा त्यांच्या पुढे चालत होता. माझ्या कॅम्प चारच्या खोलीचा भाडेकरार मीच टाईप करते. त्यात कायमचा पत्ता अशी एक ओळ असते. तिथे इतकी वर्षं मी वाडीचं नाव नुसतं सवयीने लिहायचे. आता त्या नावात बाची दळी आहे, आणि माझ्या खोटेपणाचा माफ न झालेला भागही आहे. दोन्ही धरूनच ते माझं घर.

गेल्या महिन्यात पेपरात पुन्हा आलं. 'अतिक्रमित वनजमिनीचे आदिवासींना वाटप', आणि खाली बा, हातात सातबारा धरलेला. दुकानात मी कात्री घेतली. मथळा उडवून फोटो तेवढा लॅमिनेट करून द्यायचा, असं ठरवलं होतं. तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"पेपरात आलाय म्हनतात. जसा लिवलाय तसा वाच."

मी वाचलं, अतिक्रमित या शब्दासकट.

"लिवू दे," बा म्हणाला. "कापू नको. आख्खा पान आन."

मी कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली.