पडद्याचं रफू

मुलगा जर्मनीत इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. माझी बायको गेल्यावर त्यानं मला इकडं आणलं. घर उबदार, जेवण वेळेवर, पण हाताला काम नाही. मी जन्मभर सोलापुरात एका लाँड्रीच्या ओट्यावर बसून रफू केलं. शाळा चौथीतच सुटली, सुई मात्र हातातून गेली नाही. इथं येऊन तीही डब्यात पडली.

शनिवारी सुनेबरोबर जुन्या शहरातल्या बाजारात जायचो. बाजाराच्या कडेला एक बंद थिएटर होतं. एका शनिवारी त्याची दारं सताड उघडी दिसली आणि माणसं आतून खुर्च्या बाहेर आणत होती. सुनेनं दारावरचा कागद वाचून सांगितलं, "बाबा, हे आधी नाचघर होतं. मग सिनेमा झाला, मग गालिच्यांचं गोदाम. पाडायला निघाले होते, पण गावातल्या लोकांनी पाडू दिलं नाही. आता सगळे मिळून दुरुस्त करतायत."

मी आत शिरलो. ती मागून "अहो बाबा, विचारून तरी जा" म्हणत राहिली.

आत पडदा जमिनीवर पसरला होता. सिनेमा दिसतो तो पांढरा नव्हे, त्याच्यापुढचा, खेळ सुरू व्हायच्या आधी दोन्ही बाजूंना सरकतो तो. जाड लोकरी कापड, विटेच्या रंगाचं, खाली सोनेरी पानांची किनार. कसरीनं जागोजागी खाल्लेला आणि एका बाजूला कंबरेएवढा फाटलेला. मी गुडघे टेकून त्या फाटक्या जागेत बोट घातलं. वीण अजून जिवंत होती.

कपाळावर चष्मा चढवलेली एक बाई धावत आली. कापडांची जाणकार, पडद्याचं काम तिच्याकडं. सुनेनं घाईघाईनं माफी मागितली. बाई म्हणाली, हा पडदा आता टांगण्याजोगा राहिला नाही. तो गुंडाळून वखारीत ठेवायचा आणि नवा शिवायचा असं ठरत आलंय.

मी अंगातला कोट काढून तिच्या हातात दिला. सुनेला म्हटलं, "तिला सांग, याची बाही जळली होती. कुठं ते शोध म्हणावं." बाईनं चष्मा खाली ओढला, बाही उजेडात धरली, उलटी केली. मग दुसरी बाही पाहिली. शेवटी हसली आणि मला एक कोपरा करून बघायला दिला. त्या शनिवारी भाजी राहून गेली.

रफूचा दोरा त्याच कापडातून काढायचा असतो. आतल्या दुमडीत जादा कापड असतं, तिथले धागे ओढायचे आणि भोकात वीण भरायची, म्हणजे रंग नि पोत तोच. मी दुमड उसवली आणि धागे ओढायला लागलो. बाई आली आणि तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिच्या लेकीचे केस उपटतोय. माझ्या मांडीवरचे धागे तिनं एकेक करून वेचले आणि कागदाच्या पुडीत ठेवले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

सून चाचरली. "म्हणते, जुन्यातलं काही काढायचं नाही. डेंकमालशुट्झवाले, म्हणजे जुन्या इमारती जपणारं खातं, चालू देणार नाहीत. आणि बाबा, ती म्हणते, रफू दिसायला हवं."

"दिसायला?"

"पुढं कुणी बघितलं तर जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कळलं पाहिजे. नाहीतर ते खोटं होतं म्हणते."

लोक माझ्याकडं कपडा न्यायला यायचे तेव्हा विचारायचे, "कुठं फाटलं होतं हो?" त्या एका वाक्यासाठी मी डोळे घालवले. आणि ही मला खोटं म्हणते. मी सुया डब्यात भरल्या आणि निघालो.

पुढच्या शनिवारी बाजारात गेलो नाही. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही हट्ट धरलात तर पडदा वखारीत जाईल. त्यानं तुमचं काय वाकडं केलंय?"

"जाऊ दे."

"बरं. मग सोफ्यावर बसून खिडकी बघा. छान आहे आमची खिडकी."

मी तिच्याशी दिवसभर बोललो नाही. दुसऱ्या दिवशी कोट घातला. ती चपला शोधायला लागली.

बाईनं मला पाहिलं आणि पडद्याकडं नेलंच नाही. भिंतीला परांची लावली होती, तिच्यावर चढायला सांगितलं. खालून भिंतीवर पानांची वेल सलग दिसत होती. वर गेलो, नाक लावलं, तेव्हा दिसलं की अर्धी पानं जुन्या रंगाची आणि अर्धी नुसत्या बारीक बारीक उभ्या रेघांची. रेघा केसासारख्या. खाली उतरून पाहिलं, तर पुन्हा सगळी वेल एक.

मी परत चढलो, परत उतरलो. माझ्या लक्षात आलं, हे लपवण्यापेक्षा अवघड काम आहे. दुरून अंगात मुरलेलं आणि जवळून ओळखू येणारं. माझ्या ओट्यावर असं कुणी मागितलं नव्हतं, नाहीतर मी केलं असतं.

"दोरा दाखव म्हणावं," मी म्हटलं.

सून हसली. बाई म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर.

तिनं रंगवून आणलेला दोरा पडद्यापेक्षा अर्धी छटा फिका होता, पण जाड. मी त्याचे पीळ सोडवून एकेक वेगळा केला. सगळा हिवाळा मी जाड मोजे घालून तिथं बसलो. बाई माझ्या शेजारी कसरीची भोकं भरायची, फाटलेलं मी. दुपारी ती केक द्यायची, मी तिला सुनेनं केलेली शेंगदाण्याची चटणी दिली. तिनं ती केकबरोबर खाल्ली.

थिएटर उघडलं त्या दिवशी मुलगा रजा काढून आला. दिवे मंदावले, पडदा सरकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिनेमा जर्मनमध्ये होता. मी बाजूला गोळा झालेल्या पडद्याच्या चुण्यांकडं बघत बसलो.

खेळ संपल्यावर पडदा मिटला. बाईनं आम्हाला मंचावर बोलावलं. मुलगा पडद्याजवळ उभा राहिला. लहानपणी ओट्यावर बसून त्यानं माझी हजार रफू पाहिली असतील, म्हणजे खरं तर एकही पाहिलं नसेल. त्यानं कापडावरून हात फिरवला, मग वाकला. त्याचं बोट फिक्या धाग्यांवर थांबलं आणि त्या वाटेनं वरून खाली हळूहळू उतरत गेलं.

"बाबा, हे तुमचं?"

"मग," मी म्हटलं, "दिसत नाही का?"