गांगुर्डेताई आणि समन्सची बजावणी

नाशिकच्या दिवाणी कोर्टात दोन वकील चहाला भेटले, की तिसऱ्या घोटाला विषय निघतो गांगुर्डेताईंचा! ताई बेलिफ. म्हणजे समन्स ज्याच्या नावाचं, त्याला नेऊन द्यायचं आणि दिल्याचा पुरावा आणायचा. परतताना पिशवीत एखादा किस्सा असतोच. आता किती लक्षात ठेवायचे!

*

देवळाली कॅम्पातले एक गृहस्थ तीनदा घरी सापडले नाहीत. चौथ्यांदा दार उघडलं आणि म्हणाले, "ते बाहेरगावी गेलेत. मी त्यांचा धाकटा भाऊ."

"इथंच राहता?"

"हो, हो!"

"मग फारच छान! ते नसले तर घरातला मोठा माणूस कायद्याला चालतो. करा सही."

गृहस्थ अडकले. आणि गडबडीत सही ठोकली ती स्वतःचीच!

*

हरसूलकडच्या एका पाड्यावर जमिनीच्या वाटणीचं समन्स होतं, एका म्हातारीच्या नावे. सरकारी कागद बघूनच ती रडायला लागली. "मला धराया आलीस का?"

ताई ओट्यावर तिच्या शेजारी बसल्या. अख्खा कागद वाचून दाखवला, तारीख समजावली, वकील फुकट मिळतो तेही सांगितलं. तोवर पुढच्या गावाची जीप निघून गेली, बाकीची दोन समन्सं तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांचे वरिष्ठ, नाझरसाहेब, जाम तापले. "एका कागदाला अख्खा दिवस?"

"साहेब, नुसता अंगठा घेतला असता तर कागद पोचला असता. म्हातारी पोचली नसती."

तारखेला म्हातारी सगळ्यांच्या आधी हजर!

*

एकदा समन्सवर नाव निघालं ताईंच्या सख्ख्या भावाचं. दुसरे बेलिफ रजेवर. आदल्याच दिवशी ताई त्याला राखी बांधून आलेल्या.

भाऊ हसला, "काय गं, काल काही विसरलीस का?"

"काल बहीण म्हणून आले होते. आज बेलिफ आहे. सही कर."

त्यानं सही केली, पण पुढे चार महिने बोलला नाही. ताईंना ते फार लागलं. जेवणाचा डबा उघडून तसाच बंद करायच्या. मग एका तारखेला भाऊ कोर्टात आला आणि थेट नाझरसाहेबांपुढे उभा राहिला. "लय कडक हाय आमची ताई. पण मला कुणावर समन्स काढायची वेळ आली ना, तर तिलाच धाडा!"

*

आता समन्स व्हॉट्सॲपवरही जातं. एकजण म्हणे, मेसेज बघितलाच नाही. ताईंनी फोन पुढे केला. समन्सखाली त्याचंच उत्तर, 'शुभ सकाळ', सोबत गुलाब!

*

आणि मखमलाबादच्या कोंडाबाई. केस माझ्याकडे होती. शेजाऱ्यानं त्यांच्या मळ्याची वाट अडवलेली. झेंडूच्या पाट्या डोक्यावर घेऊन बिचाऱ्या बांधाबांधानं जायच्या. शेजारी कोर्टात फिरकलाच नाही, निकाल आमच्यासारखा लागला, वाट मोकळी झाली. मग हा उगवला, "मला समन्स मिळालंच नाही. निकाल रद्द करा!" रद्द झाला असता तर सगळं पहिल्यापासून.

ताईंच्या रिपोर्टात होतं, 'घेण्यास नकार दिल्याने दारावर चिकटवले.' त्यांना साक्षीला बोलावलं. समोरचे वकील आवाज चढवून म्हणाले, "तुम्ही त्या घरी गेलाच नाहीत! सांगा, कागद कशानं चिकटवला?"

"कशानंच नाही, साहेब. दाराला हिरवा ऑइलपेंट दिलेला, ओलाच होता. कागद टेकवला, आपोआप बसला."

"साफ खोटं!"

मागच्या बाकावरून त्यांचाच पक्षकार, तो शेजारी, ताडकन उठला. "आपोआप बसला म्हणे! काढताना निम्मा रंग निघून आला माझ्या दाराचा!"