पायऱ्यांना वळसा घालून पालच्या नदीत

सहल निघाली की घराची किल्ली ज्यांच्या हातात ठेवली जाते, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. कुबडीवाले, काठीवाले, तीनचाकीवाले, गुडघे गेलेले. “तुम्हाला कशाला त्रास?” असं गोड बोलून घरचे निघून जातात आणि आपण मागे मांजराला दूध घालत बसतो. त्रास नेमका कुणाला होणार असतो, हे आपण कधी विचारत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा हिवाळा. सावद्याच्या माझ्या चुलत काकांचा, नानांचा निरोप आला: सुकी नदीत एकदा पाय बुडवायचेत. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली होती. तरुणपणी डोंगरातल्या पाल गावच्या जंगलातून बांबू आणताना ते याच नदीत बैल धूत. मला लहानपणापासून पोलिओ. म्हटलं, निघायचंच.

जळगावहून एसटी धरली. पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर. कंडक्टर म्हणाला, “भाऊ, आरामात चढा, पण लवकर चढा.” अख्खी गाडी हसली, मीही हसलो. हसताना कुबडी मात्र घट्ट धरून ठेवावी लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सावद्याहून ट्रॅक्टर निघाला. चालवायला नानांचा मुलगा रमेश. ट्रॉलीत केळीची वाळलेली पानं, वर गादी, गादीवर नाना आणि मी. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: खिरोद्यापर्यंत रस्ता बरा होता, पुढे घाटात खड्डे. पाठीमागे उशी हवीच. सोबत बट्ट्या आणि वांग्याचं भरीत घ्या, कारण जंगलात चहाखेरीज काही मिळेल याची खात्री नाही. सागाची पानं गळून डोंगर उघडे पडले होते. नाना एकेक वळण ओळखत होते.

पालजवळ नदी दिसली. काठावर दगडी पायऱ्यांचा नवाकोरा घाट. एकेक पायरी हातभर उंच, धरायला कठडा नाही.

रमेश वाकून उभा राहिला. “नाना, पाठीवर बसा. दोन मिन्टाचं काम हाये.”

“नाही बसत.”

“अहो, कोन पाहून राह्यलं इथी?”

“मी पाहून राह्यलो ना!” नानांचा आवाज चढला. “मी काय केयीचा घड हाये का, खांद्यावर टाकून न्यायला? मांगं एका लग्नात खुर्चीसकट उचललं मले. वऱ्हाड जेवायचं थांबलं पाहायला. तसं न्यायचं असंल तर घरी चला.”

माझ्या अंगाचा भडका उडाला. पायऱ्या बांधणाऱ्यांच्या डोक्यात माणूस म्हणजे फक्त दोन धडधाकट पाय, असं मी तावातावानं सुरू केलं.

“तुह्या भाषनानं टॅक्टर मांगं जाईन का?” नाना म्हणाले. “रमेश, बांधाले ट्रॉली लावतो तशी त्या वरच्या काठाले लाव.”

माल भरताना ट्रॉली बांधाला टेकवतात, म्हणजे ट्रॉलीचा तळ आणि जमीन एका पातळीत येतात. घाटाच्या वरच्या अंगाला गाडीवाट होती, काठ वाळूचा होता. रमेशनं ट्रॉली मागे घेतली, मागची उघडणारी बाजू, फाळका, काठावर पाडला. नाना उजव्या हातावर जोर देत बसल्या बसल्या सरकले. गादीवरून वाळूत, वाळूतून उतारावर. धोतर मळलं, कोपर खरचटलं. रमेशचे हात दोनदा पुढे आले, दोनदा त्यानं मागे घेतले.

पाय पाण्यात गेले. “उजव्याले गार लागलं,” नाना म्हणाले. मग त्यांनी हात पाण्यात घालून डावा पाय चोळला, बैल धुवावा तसा, सावकाश.

घरी परतल्यावर वाटलं, आपण जिंकलो. दोन वर्षांनी नानांनी पुन्हा हट्ट धरला. गेलो. घाट वाढवला होता. वाळूच्या काठावरही पायऱ्या, गाडीवाट दगडांनी बंद. नानांनी ट्रॉलीतूनच नदी पाहिली आणि रमेशला गाडी वळवायला सांगितली. तिसरी खेप झाली नाही.

नदीच्या बाबतीत माझ्याजवळ उरलं ते हे: तो काठ कुणी दुष्टपणानं बंद केला नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं, आणि आपल्यापैकी कुणी सांगितलंही नव्हतं. म्हणून मित्रांनो, तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेला जा. उभं राहता येत नसेल तर बसून बोला. घाटाच्या बाजूला मुरुमाचा एक उतार मागा, आणि ठरावात तो लिहून होईपर्यंत जागेवरून हलू नका.