लांडग्याचा डोळा

"स्वल्प भय इरबेकू." थोडी भीती हवीच, असं म्हणत फादर एक बोट वर करायचे. कानडी थेट नाकातून. मी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो आणि अण्णा, म्हणजे आमच्या बोर्ड रंगवायच्या दुकानाचे मालक, हसता हसता ब्रश खाली ठेवायचे.

फादर मूळचे फ्रान्समधल्या एका खेड्यातले, राहायला आमच्या दुकानापासून जवळच, येलहंक्याकडे. सायकलवरून आले की झग्यावर ही चिखलाची नक्षी! एकदा एक जुना कागद घेऊन आले. त्यांच्या गावाचं चिन्ह होतं ते, ढालीच्या आकाराचं. तसंच फळीवर रंगवून हवं होतं.

"ही निळी नागमोडी रेघ म्हणजे नदी. ही घंटा. आणि हा लांडगा."

"गावाच्या चिन्हात लांडगा? मग माझ्या गावानं, निपाणीनं, काय गाढव काढायचं?" मी म्हटलं.

फादर हसले नाहीत. "एका हिवाळ्यात त्यानं मुलं नेली. पाळण्यातली. मग गावातला एक जण घंटेपाशी जागा राहून त्याच्यावर नजर ठेवायचा. तेव्हा कुठं बाकीचे झोपायचे."

अण्णांचा ब्रश थांबला. दुकानामागच्या खोलीत वहिनी होत्या, दिवस भरत आलेले. आधीची दोन्ही पाळण्यातच गेली होती.

तुम्हाला सांगतो, नदी झाली, घंटा झाली, लांडगाही झाला. डोळा काही होईना. अण्णांचं घराणं देवाच्या मूर्ती रंगवणारं. डोळा सगळ्यात शेवटी काढायचा आणि समोर आरसा धरायचा, कारण उघडल्या डोळ्याची पहिली नजर माणसाला बाधते. "देवाला आरसा पुरतो रे," अण्णा मला हळूच म्हणाले, "ह्याला पुरंल काय?" फादर आले की यांचं आपलं "नाळे, फादर, नाळे." उद्या, उद्या.

शेवटी फादरना कळलंच. त्यांनी अण्णांच्या हातातला आरसा काढून घेतला, मागच्या खोलीचं दार ओढलं आणि स्वतः फळीसमोर उभे राहिले.

"काढा. मी त्याच्याच गावचा."

अण्णांनी मान वळवून ठिपका ठेवला. मी फादरकडे बघत होतो. पापणी हलली नाही. झग्याची बाही मात्र थरथरत होती. स्वल्प नाही, चांगलीच.

वहिनींना मुलगी झाली, धडधाकट. फादर फळी न्यायला आलेच नाहीत. ताप आला आणि गेले, एवढाच निरोप. अण्णांनी मान वळवूनच फळीवर गोणपाट टाकलं.

पोरगी चालायला लागली तशी एकदा दुकानात शिरली आणि तिनं ते गोणपाट ओढलं. अण्णा ओरडलेच. मी धावलो. ती लांडग्यासमोर उभी, टक लावून. मग तिनं माझ्याकडून शिकलेलं ते बोट वर केलं आणि नाकातून म्हणाली, "स्वल्प."