भिंतीची माहिती

इंग्रजीच्या बाईंना निबंधांचा मनापासून तिटकारा होता. 'आमची सहल' म्हटलं की पोरं एकमेकांच्या वह्यांतून तीच रम्य सकाळ आणि तोच गार वारा उचलत, मग सहलीला गेलेली असोत वा नसोत. म्हणून नववीला बाई वेगळंच काही शिकवत: माहितीपर लेखन. एक वस्तू निवडायची, ती नीट बघायची, मोजायची, माहीतगाराला विचारायचं आणि मगच इंग्रजीत लिहायचं. 'मला वाटतं' दिसलं की बाईंचं लाल पेन त्यावर तुटून पडे. "तुला वाटून काय उपयोग? जा, बघून ये," हे त्यांचं पालुपद. घरीही कुणाची सुटका नव्हती. नवरा म्हणे, "आज फार उकडतंय," की बाई विचारत, "कालच्यापेक्षा?" तो बिचारा उठून पंखा वाढवे. सासूबाई तर म्हणत, "आमच्या सूनबाईपुढे दुखतंय म्हणायचीसुद्धा चोरी." पण शाळेत बाईंचं नाव होतं. त्यांची पोरं इंग्रजीत अडखळत असतील, थापा मात्र मारत नसत.

त्या वर्षी शाळेच्या डोक्यावर आणखी एक मजला चढत होता. विटांचे ढीग रचले होते ते नेमके नववीच्या वर्गावर. दिवसभर वर धडधड चाले आणि खाली बाकांवर पांढरी पूड पडे. पोरं फुंकर मारून ती उडवत आणि पुढे लिहीत.

भिंतीकडेला बसणाऱ्या एका मुलीनं लेखनासाठी विषय निवडला तो वर्गाच्या भिंतीतली भेग. एरवी ही मुलगी तोंडातून शब्द काढायची नाही. तिचं पहिलंच वाक्य होतं, 'मला या भिंतीची भीती वाटते.'

बाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. "अगं, ही तर तुझी माहिती झाली. भिंतीची कुठाय?"

वर्ग खो खो हसला. मुलगीही हसली, कानांपर्यंत लाल होऊन. दुसऱ्या दिवशी ती पट्टी घेऊन भिंतीपाशी उभी होती.

मग सगळ्या वर्गालाच नाद लागला. हजेरी झाली की कुणी पट्टी लावे, कुणी भेगेच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण करी. टोक खुणेच्या पुढे सरकलं की टाळ्या पडत. बाई हरखून गेल्या. इतकं मन लावून या वर्गानं आधी कधी लिहिलं नव्हतं. भेग खिडकीच्या कोपऱ्यातून निघते, तिरकी वर जाते, छताशी रुंद होते. वर विटा चढवल्या की वाढते, सुट्टीच्या दिवशी आहे तेवढीच राहते. एक शब्द वावगा नाही. शेवटी कुणीतरी 'भिंत पडेल' असं लिहिलं होतं, ते मात्र बाईंनी काढून टाकलं. जे घडलंच नाही, ती माहिती कशी?

सगळ्या वर्गानं मिळून लिहिलेला हा लेख मुख्याध्यापकांना इतका आवडला की त्यांनी तो मोठ्या कागदावर सुबक अक्षरात लिहून घेतला आणि त्याला काचेची चौकट करवली. संस्थेचे लोक आले, पालक आले, सगळ्यांनी वाचला. "काय सुंदर इंग्रजी!" म्हणाले. आणि चौकट टांगायला जागा कुठली शोधावी? ऐन भेगेवर. वर्ग एकदम छान दिसायला लागला.

चौकटीच्या वरून आणि खालून भेग डोकावत होती. शिकवता शिकवता बाईंची नजर आता पुन्हा पुन्हा तिकडे जाऊ लागली. त्याच आठवड्यात वर्गाचं दार लागेनासं झालं. शिपायानं ते तासून बसवलं, तर दोन दिवसांत पुन्हा अडकलं. जेवताना बाई नवऱ्याला म्हणाल्या, "मला भीती वाटतेय." त्यानं हातातला घास ताटात ठेवला. लग्न झाल्यापासून हे वाक्य त्यानं तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

सकाळी शाळा भरल्याबरोबर बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सर, माझा वर्ग तिथून हलवा. वरचं काम थांबवा."

"का हो? काय झालं?"

"भिंत धोक्याची आहे."

"असं तुमच्या लेखात कुठंय? मला तर तो पाठ झालाय. भेग आहे, वाढते, सगळं आहे. धोका कुठंच नाही." सर समजुतीनं हसले. "पुढच्या आठवड्यात इंजिनिअर येणारच आहेत. उगाच पोरांना घाबरवू नका, बाई. तुमच्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती."

दुसरी कुणी असती तर तिनं टेबलावर हात आपटला असता, रडली असती, घर डोक्यावर घेतात तशी शाळा डोक्यावर घेतली असती. बाईंना यातलं काहीच येत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी ते दुसऱ्यांच्या वह्यांतून वेचून काढलं होतं. त्या उठल्या. परवानगी गेली खड्ड्यात, पोरांना आपणच मैदानात नेऊ, असं ठरवून त्या भरभर जिना चढल्या. वर विटांची नवी खेप उतरत होती.

त्या वर्गाच्या दारात पोचल्या तोच चौकटीची काच टचकन तडकली.

"बाहेर! सगळे बाहेर! दप्तरं राहू द्या!"

बाईंचा असा आवाज पोरांनी कधी ऐकला नव्हता. सगळा वर्ग ताडकन उठला आणि भिंतीकडे धावला. दोघांनी लेख खराब होऊ नये म्हणून चौकट अलगद उतरवली. कुणी पेन्सिल शोधत होतं, कुणी वही उघडत होतं.

"अरे, बाहेर म्हणतेय ना मी!"

"हो बाई, एवढं बघून घेतो."

ती न बोलणारी मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. तिनं पट्टी भिंतीला टेकवली आणि मागे वळून आनंदानं ओरडली, "बाई, आत्ता वाढतेय! नुसत्या डोळ्यांनी दिसतंय, या ना!" तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता.

बाई बाकं ढकलत तिच्याकडे धावल्या. पोरांनी वाट दिली नाही. सगळ्यांनाच जवळून बघायचं होतं.