माडाच्या गुळाचा वास

माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा. त्यात आमच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलेलं, आणि ते संगणकावर चालवायला शिकलेली मी एकटी, त्यामुळे मी भलतीच चढले होते. गोवा घटकराज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. रोज डिचोलीहून बसनं पणजीला यायचं, रक्ताचे नि लघवीचे नमुने यंत्रात भरायचे आणि पडद्यावर एकेका ॲमिनो आम्लाचा उंचवटा वर येताना बघत बसायचं. कुठला उंचवटा कशाचा आणि त्याचं प्रमाण किती, हे संगणकच लिहायचा. मी खाली ऐटीत सही ठोकायची.

एकदा मांद्र्याचा एक माणूस आपल्या आठ दिवसांच्या मुलीची लघवी घेऊन आला. पोर दूध ओढत नव्हती, सारखी झोपून असायची, म्हणून डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली होती. हा माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढायचा आणि घरी तिचा गूळ करायचा. बाटलीचं बूच काढलं तर आतून चक्क गुळाचा वास! तरी मी नमुना भरला. संगणकानं ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन या तीन आम्लांच्या नावांपुढे आकडा दिलाच नाही. नुसतं 'मर्यादेबाहेर' लिहिलं.

तो दुपारपर्यंत बाहेर बाकावर बसून होता. त्याला बघताच माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "गुळाची बाटली न धुता आणलीत? हे यंत्र आहे की तुमची चूल?"

"धुल्ली गे बाय, तीन फावट," तो म्हणाला.

मी कशाला ऐकते! कागदावर 'नमुना दूषित, पुन्हा पाठवा' असं लिहून त्याला वाटेला लावलं. दोन बसगाड्या आणि मध्ये चोपड्याची फेरीबोट, एवढं करून तो रिकामा घरी गेला.

गुळात साखर असते आणि साखर त्या यंत्राला दिसतसुद्धा नाही. हे मला माहीत होतं, अगदी कॉलेजात असल्यापासून. मग ते तीन उंचवटे आले कुठून, हा साधा प्रश्न मला पडला नाही. एका आजारात हीच तीन आम्लं साचतात आणि बाळाच्या लघवीलाच तसा गोड वास येतो, हे माझ्याच टेबलावरच्या पुस्तकात छापलेलं होतं. मी ते पान उघडलं नव्हतं, याची लाज अजून जात नाही.

चार दिवसांनी तो पुन्हा आला, औषधाच्या दुकानातली कोरी बाटली घेऊन.

"बाटली नवी हाडल्या, बाय. तरी वास येता. आमच्या हातांकच आसतलो," असं म्हणून त्यानं दोन्ही हात हुंगून पुढे केले.

मी लगेच नमुना यंत्रात भरला. संगणकावर त्याच तीन नावांपुढे तोच शब्द उमटला. अहवाल घेऊन मी डॉक्टरांकडे धावले. त्यांनी विचारलं, "हे चार दिवस आधी का नाही कळलं?"

"नमुना खराब होता," मी म्हटलं. धडधडीत खोटं बोलले.

मुलगी वाचली. पण मान धरायला तिला दोन वर्षं लागली, आणि बोलली तर ती कधीच नाही. तिचा बाप पुढे कितीतरी वर्षं दर महिन्याला नमुना घेऊन यायचा. आधी बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा, मगच बाटली माझ्याकडे द्यायचा. मी त्याला एकदाही थांबवलं नाही.