मॉसन लेक्समधली जपानी शाळा

शेअर हाउसमध्ये राहिलेला माणूस म्हणाला की माझ्याकडे किस्से नाहीत, तर खुशाल समजावं, त्या घरातले सगळे किस्से त्याच्यामुळेच घडलेत! माझ्याकडे ढीगभर आहेत. लीज माझ्या नावावर होतं ना!

अ‍ॅडलेडच्या मॉसन लेक्समध्ये, युनिव्हर्सिटीपासून, म्हणजे आमच्या युनिपासून, चालत जाता येईल असं घर. ती वर्षं अशी की दर सेमिस्टरला पुण्या-मुंबईहून पोरांची नवी फौज उतरायची आणि एकेका खोलीसाठी रांगा लागायच्या. घरात आम्ही तिघं. मी, सांगलीचा मंदार आणि कोथरूडचा ओंकार. पहिल्याच इन्स्पेक्शनला, घरमालकाच्या वतीने घर तपासायला आलेल्या एजंट बाईंनी स्वयंपाकघर पाहिलं आणि सांगितलं, "पुढच्या वेळी असंच दिसलं तर लीज वाढणार नाही."

म्हणजे आम्ही रस्त्यावर. हे मला कळलं. उरलेल्या दोघांना नाही!

अशात चौथ्या खोलीत केंता आला. जपानी, मास्टर्स करणारा, पुढे मायदेशी प्राथमिक शाळेत शिक्षक व्हायचं होतं त्याला. मला वाटलं, चला, आता घर आपोआप चकाचक राहील. कसलं काय!

*

पहिल्याच रविवारी केंताने विचारलं, "इथे सफाई कोण करतं?"

ओंकार म्हणाला, "आमच्याकडे मावशी येतात."

"इथे?"

"छे, पुण्यात."

"आणि शाळेत?"

"शाळेत शिपाई होते की!"

केंता खुर्ची ओढून बसला. मग सांगायला लागला. त्यांच्या प्राथमिक शाळेत पोरंच वर्ग झाडतात, ओल्या फडक्याने व्हरांडा पुसतात, संडाससुद्धा धुतात. मोठी मुलं पहिलीतल्यांना फडकं पिळायला शिकवतात. एवढं सांगून त्याने ओंकारला एक ओलं फडकं दिलं. ओंकारने ते अस्सं पिळलं, की सगळं पाणी केंताच्या पायांवर!

केंता अत्यंत अदबीने मला म्हणाला, "याला पहिलीपासून घ्यावं लागेल."

*

मग कामांच्या पाळ्या लागल्या. दर आठवड्याला काम बदलायचं. पहिल्याच आठवड्यात ओंकारकडे टॉयलेट आलं, आणि त्याने ब्रश हातात धरूनच आईला व्हिडिओ कॉल लावला.

"इंजिनिअर केलं ते संडास घासायला?" काकूंचा आवाज थेट हॉलपर्यंत!

ओंकारने घाबरून कॅमेरा केंताकडे फिरवला. केंता फोनसमोर कमरेत वाकला. काकू विरघळल्या.

"किती गुणी पोर! याला हे सगळं कोणी शिकवलं रे?"

"शाळेने, आई."

"कुठली शाळा? फी जबरदस्त असणार."

"नाही गं, सरकारी आहे."

"मग तरीच पोरांना झाडायला लावतात!" म्हणून काकूंनी फोन ठेवला.

*

जेवणाचंही तेच. त्यांच्या शाळेत पोरं टोपी-एप्रन घालून एकमेकांना वाढतात आणि सगळ्यांची ताटं भरेपर्यंत कोणी घास घेत नाही. मंदार म्हणाला, "अरे, ही तर आपली पंगत!" आणि उत्साहाने डाव घेऊन उभा राहिला.

वरण-भात वाढून झाला. ओंकार यायचा होता. थांबलो. वरणावर साय धरली, तरी थांबलो. शेवटी साहेब शीळ घालत आले.

"अरे, तुम्ही जेवला नाहीत? मी युनित पिझ्झा खाल्ला, मेट!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात केंता शांतपणे म्हणाला, "उद्यापासून आधी कळव." मला त्या शांतपणाचाच जास्त राग आला!

*

तिकडे म्हणे दिवस संपताना वर्ग एकत्र बसतो आणि आज आपलं काय चुकलं, ते बोलतो. केंताने आमच्याकडेही तशी बैठक सुरू केली. आधी तो स्वतः बोलला, "आज मी गॅस नीट पुसला नाही. माफ करा."

मग मंदारची पाळी. त्याने डोळे मिटून प्रामाणिकपणे विचार केला.

"माझं आज काही चुकलं नाही," तो म्हणाला. "ओंकारचं सांगू का?"

त्यानंतर जी बैठक रंगली, ती थांबवायला शेजारच्या म्हातारबुवांना यावं लागलं.

*

भांडी मंदारकडे आली त्या आठवड्यात सिंक तुंबलं. इन्स्पेक्शन तोंडावर, माझा जीव टांगणीला! एका सकाळी न राहवून मीच सगळं घासून काढलं. केंताने बघितलं आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा कडक झाला.

"हे काम तुझं नव्हतं. तू करतोस, म्हणून तो शिकत नाही. तू त्याचं काम चोरलंस."

सोफ्यावरून मंदार ओरडला, "ऐकलंस? चोर लेकाचा!"

*

आणि इन्स्पेक्शनचा दिवस उजाडला. केंताचा पेपर होता, तो सकाळीच गेला. आम्ही तिघांनी घर असं घासलं, की माझा माझ्यावर विश्वास बसेना. एजंट बाई आल्या. बाथरूम ठीक, फरशी ठीक, ओव्हन तर आत डोकं घालून बघितला, ठीक! मी देवाचे आभार मानायला सुरुवात केली.

तेवढ्यात त्या ओट्यापाशी थबकल्या. कोपऱ्यात एक पिवळट डाग होता.

"हा कोणी पाडला?"

ज्या घरात महिनोन् महिने एका कपाला कोणी आपला म्हटलं नव्हतं, त्या घरात मंदार पुढे झाला. "मी. सॉरी."

ओंकार म्हणाला, "नाही, सॉरी, माझा आहे."

"अरे, तू कुठे? पोह्यांची हळद मी सांडली होती!"

"ती गॅसजवळ. हा माझाच!"

एजंट बाईंसमोर दोघं मराठीत हमरीतुमरीवर आले. बाईंनी पेन काढलं. मी फोन काढला आणि घर ताब्यात घेतलं त्या दिवशीचा फोटो त्यांच्यापुढे धरला. तोच ओटा, तोच कोपरा, तोच डाग!

"अरे गाढवांनो," मी ओरडलो, "हा आपण यायच्या आधीपासून आहे!"

बाईंनी फोटो पाहिला, डाग पाहिला, पेन बंद केलं. "नो वरीज. लीजचे पेपर पाठवते." मी खुर्चीत बसलोच.

दारापर्यंत गेलेल्या बाई मागे वळल्या आणि ओंकारला म्हणाल्या, "पण तू का म्हणालास, तुझा आहे म्हणून?"

ओंकारने त्यांच्याकडे वेड्यात काढल्यासारखं बघितलं.

"या आठवड्यात ओटा माझ्याकडे आहे ना!"